फुटामागे एक सूत

जुन्या फाउंड्रीच्या आवारात आता जेवायला टेबल मिळवायचं तर आठ दिवस आधी फोन करावा लागतो. जिथे पूर्वी वितळलेलं लोखंड ओतायचे तिथे आता सूप ओततात, तेही खोलगट बशीच्या तळाशी, नावापुरतं. वाळूच्या शेडमध्ये चित्रांची दालनं आहेत, भट्टीच्या जागी कॉफीचं दुकान आहे, आणि ओझी उचलायच्या गंजलेल्या यारीखाली उभं राहून लोक एकमेकांचे फोटो काढतात. या सगळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, दोन म्हाताऱ्या बहिणी राहतात. थोरलीला सगळं आवार अक्का म्हणतं. धाकटी ती मिस्त्रीबाई.

मिस्त्रीबाई हे काही कुणी लाडानं ठेवलेलं नाव नव्हे. बाई चाळीस वर्षं याच फाउंड्रीत पॅटर्न करत होती. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते. ते लाकूड वाळूत दाबून अलगद काढलं, की मागे पोकळ साचा राहतो. वडील त्या कामातले उस्ताद होते. त्यांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी धाकटीला हाताशी घेतलं, असं लोक सांगतात. अक्काला ते मुळीच पटत नाही. "मुलगा असता तरी हिलाच घेतलं असतं," ती म्हणते. "मलाही नेलं होतं की आठ दिवस. मी रंध्यानं बोट सोलून घेतलं आणि घरी आले ती कायमची."

फाउंड्री बंद पडली तेव्हा वरची बाकीची बिऱ्हाडं एकेक करून गेली. या दोघी राहिल्या. खाली रंगरंगोटी सुरू झाली, काचा बसल्या, कुंड्या आल्या. मिस्त्रीबाईनं नाक मुरडलं असेल असं वाटेल, पण नाही. ती रोज सकाळी दालनांतून चक्कर मारते. चित्रं फारशी बघत नाही, चौकटी बघते. "ही डावीकडून सूतभर खाली आहे," म्हणते आणि पुढे जाते. आधी तिथली पोरं हसायची. मग एकानं यंत्रानं तपासलं, तर चौकट खरंच सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली निघाली. आता नवं प्रदर्शन लागलं की दारं उघडण्याआधी तिला बोलावणं येतं. लाकडाचा गुळगुळीतपणा ती हाताच्या पाठीनं तपासते. तळव्याला इतके घट्टे, की त्याला काही कळतच नाही. असं माणूस आवारात असणं हे आवाराचं भाग्य, पण भाग्य कळायला वेळ लागतो.

गेल्या वर्षी ती वेळ आली. वरच्या खोल्यांना एकच वाट आहे, बाहेरच्या अंगानं जाणारा बावीस पायऱ्यांचा ओतीव लोखंडी जिना. त्यातल्या तीन पायऱ्यांना तडे गेले. तपासणीचे साहेब आले, त्यांनी तड्यांवर फळ्या टाकायला लावल्या, कठड्याला लाल पट्टी बांधली आणि सांगितलं, "इमारत जुन्या वास्तूंच्या यादीत आहे. पायऱ्या होत्या तशाच बसवा, नाहीतर जिना उतरवा. महिनाभर मुदत देतो."

आवाराचा मालक काही वाईट माणूस नव्हे. त्यानं फक्त वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्यांचा नकाशा आधीच काढून ठेवला होता. "अशा पायऱ्या आता कोण बनवतं, मावशी?" तो हळहळून म्हणाला. "जिना उतरवू. मी तुम्हाला दुसरीकडे छान जागा बघून देतो. लिफ्टसुद्धा असेल."

"मी बनवते," मिस्त्रीबाई म्हणाली.

अक्काचे गुडघे गेलेले. दोन वर्षांत ती जिना उतरली नव्हती. खिडकीत बसून ती सगळ्या आवारावर नजर ठेवते, आणि बोलण्यात कुणाला हार जात नाही. "लिफ्ट देतो म्हणे," ती म्हणाली. "आपल्याला वर न्यायला की घालवून द्यायला, ते विचारलंस का?" आणि फिदीफिदी हसली.

खालच्या शेडमध्ये एक तरुण शिल्पकार काम करते. अक्का तिला मूर्तीवाली म्हणते, खरंतर तिच्या कामाला मूर्ती म्हणायला फार मोठं मन लागतं. पण पोरगी गुणाची. तिचं काम शहराबाहेरच्या एका फाउंड्रीत ओतलं जायचं, दर शुक्रवारी. "तुम्ही पॅटर्न करा, ओतून आणायचं माझ्याकडे लागलं," तिनं सांगितलं. मिस्त्रीबाईनं पलंगाखालची पेटी ओढली, धार लावली आणि खिडकीपाशी बाक मांडला. बारा दिवस घरात भुसा उडत होता. पायरीवर फुलीफुलीची जाळी होती, प्रत्येक चौकोन वेगळा कोरायचा. वाळूतून लाकूड मोकळं सुटावं म्हणून प्रत्येक कडेला किंचित उतार द्यायचा, डोळ्यांना दिसणार नाही इतका. शिल्पकार रोज वर येऊन नुसती बघत बसायची. एकदा तिनं विचारलं, "काकी, हे सगळं हातानं करताना कंटाळा नाही येत?"

"कंटाळा यायला आधी दुसरं काही यावं लागतं ना," अक्का खिडकीतून म्हणाली.

पायऱ्या ओतून आल्या तेव्हा मुदतीचे दहा दिवस उरले होते. काळ्याभोर, नेटक्या, जाळीचा एकेक कोपरा जिवंत. कॉफीवाले, जेवणारे, सगळे जमले. मालकही आला. फिटरनं पहिली पायरी उचलून लावली. एका बाजूचा बोल्ट बसला. दुसऱ्या बाजूचं भोक भोकासमोर येईना. ढकलून पाहिलं, उलटी करून पाहिली. तीन फुटांची पायरी तीन सूत आखूड होती. एकाच पॅटर्नवर ओतलेल्या तिन्ही पायऱ्या तीन सूत आखूड होत्या.

मिस्त्रीबाई फिटरच्या पायाशी तशीच जमिनीवर बसली आणि पायरीवरून हाताची पाठ फिरवत राहिली. शिल्पकार कानाशी लागून म्हणाली, "काकी, फाउंड्रीवाल्यांचंच काहीतरी चुकलं असेल. मी बोलते त्यांच्याशी."

"गप्प बस," मिस्त्रीबाई म्हणाली. "त्यांचं काही चुकलेलं नाही."

मग ती उठली आणि मालकासकट सगळ्यांसमोर तिनं सांगितलं. लोखंड गार होताना आटतं, फुटामागे एक सूत. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी वेगळी असते, वाढीव; तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत मोठा. त्या पट्टीनं लाकूड आखलं, की गार झालेलं लोखंड बरोबर मापात येतं. चाळीस वर्षं माप तिला कागदावरून मिळालं, आकडा तयार असायचा. झालेलं लोखंड मोजायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. या खेपेला कागद नव्हता, जुनी पायरीच मोजायची होती. ती तिनं सवयीनं त्याच वाढीव पट्टीनं मोजली आणि त्याच पट्टीनं आखली. म्हणजे आटायला जागाच ठेवली नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आणि ही चूक दुसरं कुणी करूही शकलं नसतं."

यावर मालकाला हसावं की नाही ते कळेना. इथे तिच्या वयाच्या, तिच्या तोलाच्या माणसानं मान खाली घातली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. मला तर वाटतं, बाराशे पॅटर्न बिनचूक करण्यापेक्षा भर चौकात हे एवढं बोलणं जास्त कठीण. तिनं ते एका दमात केलं आणि शिल्पकाराकडे हात पसरला. "तुझा तो साधा टेप दे गं इकडे."

मंगळवारची दुपार होती. शुक्रवारी लोखंड ओतायचं, म्हणजे गुरुवारी संध्याकाळपर्यंत पॅटर्न तिकडे पोचायला हवा. वर आल्यावर अक्कानं सुचवलं, "आहे तोच मधोमध काप, तीन सुताची पट्टी चिकटव. कोण बघतंय?"

"जाळीचा मधला चौकोन रुंद होईल."

"अगं पण कोण बघतंय?"

"मी बघतेय."

अक्कानं कपाळाला हात लावला आणि तोच हात पुढे करून म्हणाली, "आण, पॉलिश पेपर आण. घासायचं काम तरी मला दे." त्या आठ दिवसांनंतर कधी हत्यार न धरलेली अक्का तीन दिवस मांडीवर लाकूड घेऊन घासत होती. घासताना एक शब्द बोलत नव्हती, आणि त्यामुळे घर ओळखू येत नव्हतं. नव्यानं कोरायला बारा दिवस नव्हतेच, म्हणून मिस्त्रीबाईनं कोरलेले चौकोन जुन्या फळीवरून सोडवले आणि ते तीन सूत सगळ्या फटींत सारखे वाटून नव्या फळीवर बसवले. गुरुवारी पाच वाजता शिल्पकार नवा पॅटर्न चादरीत गुंडाळून घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात, मुदतीच्या आदल्या दिवशी, फिटरनं पुन्हा पायरी उचलली. दोन्हीकडचे बोल्ट नुसत्या बोटानं फिरवताच आत गेले. दुसरी बसली, तिसरी बसली. दुसऱ्या दिवशी साहेब आले, चौघांना एका पायरीवर उभं केलं, हातोडीनं ठोकून पाहिलं, वाकून जुनी जाळी आणि नवी जाळी ताडून पाहिली. नवी पायरी कुठली, ते त्यांना विचारावं लागलं. मग त्यांनी लाल पट्टी सोडली. मालकानं मोठ्या मनानं टाळ्या वाजवल्या, एवढं त्याचं मानायला हवं.

मिस्त्रीबाई वर आली तर अक्का खुर्चीत रडत होती. लहान मुलासारखी, तोंड वेडंवाकडं करून.

"अगं, झालं ना सगळं," मिस्त्रीबाई गडबडली. "पास झाला जिना."

"मी घाबरले होते गं," अक्का म्हणाली. "महिनाभर घाबरले होते. घर सुटलं असतं तर तू चालत गेली असतीस. मला खुर्चीत घालून चौघांनी उचलून न्यावं लागलं असतं, त्या सगळ्या जेवणाऱ्यांच्या देखत. मला रोज तेच दिसायचं."

महिनाभराच्या सगळ्या थट्टेखाली हे होतं, आणि सुताची चूक पकडणाऱ्या बहिणीला ते दिसलं नव्हतं. मिस्त्रीबाई तिच्यापाशी बसली. पॉलिश पेपरनं सोलवटलेली अक्काची बोटं तिनं हातात घेतली.

अक्कानं पदरानं नाक पुसलं. "चल, उठव मला. खाली जाऊ."

"आत्ता? गुडघे?"

"गुडघ्यांना विचारलंय मी. त्या मूर्तीवालीचं दुकान बघायचंय."

एका हातानं कठडा आणि एका हातानं बहीण धरून अक्का पहिल्या पायरीवर उतरली, थांबली, दुसरी उतरली. खाली कॉफी पिणाऱ्यांनी माना वर केल्या. मिस्त्रीबाईला आठवलं, ती म्हणाली, "थांब, दाराला कुलूप घालून येते."

"कशाला?" अक्का म्हणाली. "यायचंच आहे की परत."