उलटी जर्सी

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली सोनूबाई आयुष्यभर मासळी विकत आली, पण फुटबॉल क्लबची पोरं तिला ओळखायची ती जर्सी धुणारी म्हणून. धुतलेल्या जर्सी ती बोंबील वाळवायच्या वलांडीवर, खांद्यांना चिमटे लावून टांगायची.

क्लबचा मॅनेजर रामनाथ फार बोलायचा नाही. मॅचच्या सकाळी तो वलांडीपाशी यायचा आणि एखादी जर्सी उलटी, गळा खाली करून टांगायचा. तो पोरगा त्या दिवशी बाहेर. "दमलेला माणूस पडायच्या आधी काढायचा," एवढंच म्हणायचा. त्याच्या काळात क्लबनं अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणाला डोकं वर काढू दिलं नाही.

रामनाथ गेला. पुढच्या मॅचच्या सकाळी वलांडीवर एक जर्सी उलटी होती. नवा मॅनेजर अल्पेश हसला आणि त्यानं त्याच पोराला खेळवलं. पोरगा मैदानात कोसळला, तो उठलाच नाही. त्यानंतर कुणी हसलं नाही. वलांडी सांगेल तो बाहेर बसायचा, आणि कप येतच राहिले.

आज फायनल. सोनूबाई सकाळी वलांडीपाशी आली. सगळ्या जर्सी सुलट होत्या. उलटं होतं ते टोकाला वाळत घातलेलं तिचं स्वतःचं पोलकं.

ती भडकलीच. "मेल्या रामनाथा, मग जर्सी काय तुझा बाप धुणार?"

तिनं पोलकं सुलट केलं, दोन चिमटे जास्तच लावले आणि बादली उचलायला वाकली.

वारा पडलेला होता. तिनं मान वर केली तेव्हा पोलकं पुन्हा उलटं होतं, चिमट्यांसकट.