चीक आधी वासराला

“तुझं दूधच पातळ आहे गं. पोरगं बघ कसं सुकलंय!”

वजनाच्या दिवशी, अंगणवाडीत, गावच्या समद्या बायांसमोर वैनीसाहेब बोलल्या. मी त्यांच्या गोठ्यात कामाला. भवानीनगरच्या अलीकडं त्यांचा बंगला, मागं मोठा गोठा. दोन महिन्यांचं पोरगं माझ्या मांडीवर. बाया फिदीफिदी हसल्या. मी पदर ओढून घेतला. चोरी केल्यावानी.

पोरगं कशानं सुकलं? पहाटपासनं दुपारपतोर मला घरी जाऊ देत नव्हत्या. पान्हा फुटायचा, चोळी भिजायची, मी शेण भरत राहायची. त्या दिवशी बाटलीबी त्यांनीच दिली. “गाईचं दूध पाज. निम्मं पाणी घाल.” शिकलेली बाई, तिला जास्त कळतं, असं वाटलं. मेलं माझं ते वाटणं! मी माझ्या हातानं पाणी घातलं.

आठवड्यात हगवण लागली. भिगवणच्या डॉक्टरनं इचारलं, “अंगावरचं का तोडलंस?” दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं.

तो गेला तरी दूध येतच हुतं. भिंतीकडं तोंड करून पिळून टाकायची. अजूनबी कुणाचं तान्हं रडलं की छाती दाटून येती. त्योच रडतोय वाटतं. उठून बघते. कुणी नसतं.

महिन्यानं गाय व्याली. वैनीसाहेब सोता गोठ्यात आल्या.

“चीक आधी वासराला पाज. तासाच्या आत. नाहीतर वाढ खुंटते.”

माझा हात थांबला. म्हंजे आईच्या दुधाचं मोल बाईला समदं ठावं हुतं. वासरू चुटूचुटू पीत हुतं, आन मी धाय मोकलून रडले. “काय झालं गं?” म्हणाल्या. खरंच कळलं न्हाय त्यांना.

औंदा पोरगी झाली. सासू म्हणाली, चीक पिळून टाक, वंगाळ असतो. मी ऐकलं न्हाय. पोरीला पाजला. तिला झोळीत घालून गोठ्यात न्यायची. काल ऐन धारंच्या वक्ताला ती रडली. मी बादली खाली ठेवली आन गव्हाणीला टेकून तिला पाजाय बसले.

“अगं, गाया खोळंबल्यात. ऊठ!”

“खोळंबू द्या. हिचं पोट भरल्याबिगर मी उठत न्हाय.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं.”

भ्या वाटत हुतं मला. खोटं कशाला बोलू? काम गेलं, दुसरं बघीन. पर सहा महिनं हिच्या तोंडात दुसरं काय जाणार न्हाय. पाण्याचा थेंबबी न्हाय. गाया हंबरत हुत्या. एका अंगाचं पिऊन झालं. मी पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं.