नव्वदला हलणारी गाडी

गाडी एकदा बिघडली की ती दुरुस्त होईपर्यंत किश्श्यांचा ढीग साचतो. माझी गाडी दुरुस्त झालीये की नाही हेच मला अजून कळलेलं नाही, त्यामुळे ढीग जरा जास्तच मोठा आहे. चहा येईपर्यंत सांगतो.

आमचा ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. मी सतीश, मुलुंडचा. पराग घाटकोपरचा, कॉम्प्युटरमधला इंजिनियर, पण मोटरसायकलवर असा बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, कारखाना ह्याच्याच बापाचा आहे. तिसरा जगदीश कोळी, म्हणजे आमचा जग्या, वर्सोव्याचा. घरची बोट, घरचा मासळीचा धंदा. रविवारी सकाळी आम्ही हायवेला सुटतो.

माझी गाडी सेकंडहँड, लांबच्या प्रवासाची, म्हशीसारखी जड. मागे ॲल्युमिनियमचा मोठा डबा. ग्रुपचा नियम असा, की ज्याची गाडी मोठी त्याने सगळ्यांचं सामान घ्यायचं. त्यामुळे त्या डब्याचं नावच पडलं, कॉमन डबा.

*

पहिल्यांदा हलली ती नाशिक हायवेला. भिवंडी मागे टाकली, काटा नव्वदवर गेला आणि मागून कोणीतरी गाडी धरून गदागदा हलवतंय असं वाटलं. मग हँडलही नाचायला लागलं. बाजूने कंटेनर चाललेला. मी घाबरलो, खरंच घाबरलो. हळूहळू वेग उतरवला तशी ती शांत झाली.

पराग म्हणाला, "हवा. शंभर टक्के टायरमधली हवा."

पुढच्या रविवारी तो घरून पायाने मारायचा लोखंडी पंप घेऊन आला. हवा तपासली, बरोबर होती. तरी गाडी हललीच. परागने टायरला एक लाथ घालून बघितली. मग म्हणाला, "पंप राहू दे तुझ्याकडे. कधीही लागेल." आणि पंप कॉमन डब्यात गेला.

*

वैशालीला, म्हणजे बायकोला, मी ह्यातलं काहीच बोललो नव्हतो. जग्याने बोंब केली. घरी चहाला आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "वहिनी, काय नाचली यार ह्याची गाडी!"

जग्या गेल्यावर ती मला म्हणाली, "माणगावला आईकडे जायचंय ना? गाडीवर जाऊ. मी मागे बसते. वाटेत एकदा जरी हलली, तर ती वाकोल्याच्या त्या माणसाला देऊन टाकायची."

हा वाकोल्याचा माणूस मला सारखा फोन करतो. विकायची झाली तर आधी मला सांगा म्हणतो. आजवर मी त्याला हसण्यावारी नेत होतो.

आता खरं सांगतो. घरातली सगळी कर्तव्यं आटोपल्यावर मी फक्त माझ्यासाठी घेतलेली ही एकच गोष्ट आहे. ती गेली असती तर मला फार लागलं असतं. पण मागे वैशाली बसलीये आणि हँडल नाचतंय, हा विचारही पाठ सोडत नव्हता.

आमचे बाबा मालवणी, जन्म गिरणीत गेलेला. कोपऱ्यातून पेपर खाली न करता म्हणाले, "गाडी हलता की तूच हलतंस, ता आधी बघ."

*

मग जोगेश्वरीचं गॅरेज. तिथला मेकॅनिक फार व्यवस्थित माणूस. आल्या आल्या मागचा डबा काढून फळीवर ठेवला, कारण तो कामात आडवा येतो. पुढचं चाक, मागचं चाक, बेअरिंग, सगळं बघितलं आणि स्वतः हायवेला चक्कर मारून आला.

"मक्खन आहे सर."

"अहो, पण हलते."

"सर, माझ्या हातात नाही हलली. तुम्ही हँडल जाम घट्ट धरता बहुतेक."

डबा परत लावून दिला. रविवारी गाडी हलली. परत गेलो, परत त्याने डबा काढला, परत मक्खन. तिसऱ्यांदा मला बघितल्यावर त्याने गाडीआधी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

*

हँडल घट्ट धरतो हे जग्याला फार पटलं. "सैल धर ना रे. मासा आहे काय तो निसटायला?"

सैल धरलं. जास्तच हलली.

मग जग्याने निदान बदललं. हँडलच्या मुळाशी जो नट असतो तो ढिला आहे म्हणाला, आणि त्यासाठी बोटीच्या इंजिनाचा पाना घेऊन आला. हातभर लांब, उचलायला दोन हात लागतील असा. नटाला तो बसेना. इतका मोठा नट माझ्या अख्ख्या गाडीत नाही. जग्या स्वतः येतो हलक्या शंभर सीसीवर, तिला धड कॅरिअरसुद्धा नाही. म्हणून पानाही कॉमन डब्यात.

त्यानंतर परागने वेगळा पाना-सेट आणला. मग हातोडी आली, जॅक आला. गाडीला काहीही झालं तरी रस्त्यातच दुरुस्त करता यावी एवढी तयारी झाली. गाडी मात्र दर रविवारी आधीच्यापेक्षा जास्त हलत होती. आता तर ऐंशीलाच सुरू व्हायची.

परागला रात्रीची झोप लागेना. दरम्यान, माझं बघून त्यानेही आपल्या गाडीला तसाच ॲल्युमिनियमचा डबा बसवून घेतला.

*

शेवटी माणगावचा दिवस उजाडला. सोबतीला पराग आणि जग्या येणार होते. ऐरोलीच्या पुलाअलीकडे भेटायचं ठरलं.

निघताना बघतो तर वैशालीने डबा उघडलेला. आत तिच्या दोन साड्या, आईसाठी लाडू आणि तिची शाल. हत्यारं एका गोणत्यात भरून तिने आमच्या दोघांच्या मध्ये घेतली.

"हे काय?"

"माझं सामान कुठे ठेवू? डोक्यावर?"

ऐरोलीला तिने गोणतं परागच्या पुढ्यात ठेवलं. "भावजी, हे तुमचं तुम्ही सांभाळा."

परागला उलट आनंदच झाला. नवा डबा रिकामाच होता. पंप, हातोडी, जॅक, जग्याचा पाना, सगळं त्याने नीट लावून भरलं.

पनवेल गेलं. पेण आलं. मोकळा रस्ता लागला तसा मी जीव मुठीत धरून वेग वाढवला. सत्तर. ऐंशी. वैशालीचा हात माझ्या खांद्यावर. नव्वद.

काही नाही. गाडी सरळ चाललेली.

हेल्मेटच्या आत माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

वडखळला चहाला थांबलो. जग्या आला, पण परागचा पत्ता नाही. बऱ्याच वेळाने आला, अगदी कडेकडेने, सायकलवाल्याच्या वेगात. उतरला, तरी हँडल सोडेना. चेहरा पांढरा.

"सत्या," तो म्हणाला, "माझी हलायला लागली रे."

"कधीपासून?"

"आत्ता. आजच. काल झकास होती." तो खाली बसून मागचं चाक बघायला लागला. जग्या त्याच्या शेजारी बसला. मीही बसलो. तिघंही चाकाकडे बघत होतो.

वैशाली वडापाव खात मागे उभी होती. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "सांगू का त्याला?"

मी म्हटलं, "काय?"

तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "काही नाही. वाकोल्यावाल्याला नाही म्हणून कळव."

परागने डब्यातली सगळी हत्यारं बाहेर काढली. प्रत्येक नट आवळला, हवा मारली, आणि खात्री करायला रस्त्यावर एक लांब चक्कर टाकून आला. हसत आला.

"मक्खन!" तो म्हणाला. मग त्याने पंप, हातोडी, जॅक आणि जग्याचा पाना एकेक करून फडक्याने पुसला, परत डब्यात भरला आणि झाकण लावून म्हणाला, "चला."