पूजा केलेला कॉम्प्युटर
झेंडूचा वास आला की माझ्या कानात अजून ‘टुडुंग’ वाजतं. त्या खंडेनवमीला बायकोने कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढल्या, तो पुसला आणि हळदकुंकू, अक्षता वाहून मोठ्या थाटात त्याची पूजा केली. दुसऱ्या दिवसापासून, पळसदरीच्या आमच्या घरामागून मालगाडी घाटाकडे निघाली की रिकाम्या खोलीतून कॉम्प्युटरचा तो आवाज यायचा आणि जोडलेली हार्ड डिस्क पडद्यावरून नाहीशी व्हायची. वारलेल्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज त्या डिस्कमध्येच होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. “आई रुसल्यात तुमच्यावर,” बायको दारातूनच म्हणाली. “माझ्यावर कशाला गं? पूजा तू केलीस.” शेवटी मी हार्ड डिस्कची वायर उपसली आणि आत टॉर्च मारला. वायर बसते त्या खाचेत अक्षतांचा एक दाणा अडकला होता. गाडीने घर हादरलं की नीट न बसलेली वायर सुटत होती. दाणा पिनेने काढला, वायर बसवली आणि भीत भीत आईचा आवाज लावला. “काय रं, जेवलास का नाय?” मी ताडकन उभा राहून “नाय” म्हणालो. बायको ओसरीपर्यंत पळाली. परवाच्या खंडेनवमीला पुन्हा पूजा झाली. अक्षता मी लांबूनच दाखवल्या, आणि आईचा आवाज मात्र पोटभर जेवूनच लावला.