आमच्या घरचं कोमट पाणी

आमच्या घरात कोमट पाणी म्हणजे ज्यातून वाफ निघते ते. ही व्याख्या बाबांची. अंबरनाथच्या कारखान्यात पहिली पाळी असली की ते असल्या पाण्यानं अंघोळ करून लालबुंद होऊन बाहेर यायचे आणि मला म्हणायचे, "जा, कोमट आहे." मी जन्मभर भाजत आलो आणि त्यालाच कोमट म्हणत आलो.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं, मग जेवणही. पेज, खिमट, काहीही दिलं तरी घास गालात धरून बसायचे. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत पोटात नीट काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. बाबांनी डोळे मिटून घेतले. ऐकू सगळं येत होतं त्यांना.

त्यांनी एकच गोष्ट मागितली, तीही डाव्या हातानं, कपात काहीतरी बुडवल्याची खूण करून. पाव. कारखान्याच्या फाटकासमोरच्या बेकरीतला पाव चहात बुडवून त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. ती बेकरी कधीच बंद झाली. आमच्या कात्रपमधल्या चार दुकानांतले पाव आणले. चारही त्यांनी थुंकून टाकले. म्हटलं, घरीच करतो. स्वयंपाकघरातलं माझं कर्तृत्व म्हणजे सिलिंडर बदलणं. लेकीच्या हट्टापायी घेतलेल्या ओव्हनमध्ये आम्ही पापड ठेवायचो, ते बाहेर काढले.

शनिवारी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन विचारलं, "ईस्ट है क्या?"

"ईस्ट तो स्टेशन के उधर है, साईं."

"वो नहीं, पाव फुलानेवाला."

"अरे, तो खमीर बोलो ना!"

घरी येऊन खमीर कोमट पाण्यात घातलं. पीठ फुगलं नाही. तसंच भाजलं. बायकोनं तो पाव ओट्यावर आपटून पाहिला.

"अहो, पालेगावात टॉवर बांधतायत, तिकडे पाठवा हा."

मग तिनं उरलेल्या पाण्यात बोट घातलं आणि झटक्यात काढलं. "याला कोमट म्हणता? बाबांचं अंग पुसायचं पाणी कसं बघता तुम्ही?"

कोपरानं बघतो. कारण झटक्यानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या कोमट पाण्यानं त्यांच्या उजव्या दंडावर मोठा फोड आला होता. त्यांना कळलंही नव्हतं. डाग अजून आहे.

रविवारी पाण्यात कोपर बुडवलं. तासाभरानं फडकं उचललं तर पीठ परातीच्या काठाला टेकलेलं. बोटानं दाबलं तर हळूच वर आलं. पलीकडच्या खोलीत बाप उपाशी होता आणि मी परातीपाशी उभा राहून एकटाच हसत होतो. असा आनंद मला नोकरी कायम झाल्यावरही झाला नव्हता. लाज वाटली, पण हसू थांबेना.

चहात बुडवलेला पहिला घास बाबांनी गिळला. दुसराही गिळला. तिसऱ्याला ठसका लागला, ओठ निळे पडले. बायकोनं मला हातानं बाजूला सारलं. सोमवारी नळी घातली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा पीठ भिजवलं.

"आता कोणासाठी?" बायकोनं विचारलं. रागावून नाही.

"माझ्यासाठी."

बाबांना दिसू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ओव्हन लावला आणि परात, भांडी घेऊन मागच्या मोरीत घासत बसलो. बऱ्याच वेळानं बाबांच्या खोलीतून आवाज आला. झटक्यानंतर त्यांचा एवढा धड शब्द आम्ही ऐकला नव्हता.

"करपला."

ओव्हनकडे धावलो. तळ काळा झालाच होता. तो सुरीनं खरवडला आणि उरलेला पाव ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला. चांगला झाला होता.