सरांचं चारशे चार

आज माझं जे काही बरं चाललंय ते नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्या सरांमुळे, हे आधी सांगून टाकतो. कारण पुढे मी असं म्हणणार आहे, की सरांइतका विसराळू माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नसेल, आणि तोसुद्धा ठरवून विसराळू. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी उदगीरहून आलेलो. शाळा नववीत सुटलेली, पथारी विठ्ठलवाडीला आतेभावाच्या एका खोलीत. क्लासमध्ये टायपिंगची कामं करायची आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवरची पानं बनवायला शिकायचं. सर रोज सकाळी मला विचारायचे, "नाव?" मी सांगायचो. "काय हवंय?" तेही सांगायचो. सुरुवातीला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग कळलं, हा प्रोटोकॉल आहे. पान मागणारा ब्राउझर आणि पान देणारा सर्व्हर यांनी कसं बोलायचं याचे नियम जगभर ठरलेले, आणि त्यात सर्व्हर मागचं काही लक्षात ठेवत नाही. दर वेळी मागणी नव्यानं, पूर्ण सांगायची. सरांना हे इतकं पटलेलं, की ते स्वतःच सर्व्हर होऊन बसलेले.

सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, जेवायला हाक मारली की आतून "दोनशे" यायचं, म्हणजे मागणी पोचली, सगळं ठीक. वस्तू सापडली नाही की "चारशे चार". पुढे पुढे कोपऱ्यावरचा भाजीवालाच सर दिसले की लांबून सांगायचा, "सर, आज अळू चारशे चार." चारशेच्या घरातली चूक मागणाऱ्याची, पाचशेच्या घरातली देणाऱ्याची, असा हिशेब. काकू चहा देता देता म्हणायच्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, मला यांच्याकडून एकदा पाचशे मिळालं असेल तर शपथ. सगळी चारशेच."

माझी गंमत वेगळी होती. "माझं शिक्षण कमी आहे, पण" या शब्दांशिवाय मला वाक्यच सुरू करता यायचं नाही. पाणी प्यायला जातो हेसुद्धा तसंच सांगायचो. सर हात वर करायचे. "हे मी मागितलं होतं? मागितलं तेवढंच द्यायचं."

त्यात आतेभावाचं लग्न ठरलं. बिचारा वाईट नव्हता, पण खोली एकच. दिवाळीपर्यंत पक्की नोकरी बघ, नाहीतर गावी जा, असं त्यानं खाली बघत सांगितलं. सरांनीच मग कोर्टाजवळच्या एका ऑफिसात मुलाखतीला धाडलं. साहेबांनी शिक्षण विचारलं. मी म्हणालो, "नववी," आणि पुढचा "पण" अक्षरशः गिळला. त्यांनी एक पान बनवून सर्व्हरवर चढवायला सांगितलं. बनवलं, चढवलं, उघडायला गेलो तर पडद्यावर ठळक चारशे चार. समोर उदगीरची एसटी दिसायला लागली. साहेब घड्याळ बघत होते.

तेवढ्यात सरांचं बोलणं आठवलं. "चारशे चारला घाबरू नकोस रे. घरात माणूस आहे, म्हणून तर उत्तर आलं. आपणच जरा पत्ता नीट बघायचा." बघितला. पान मी भलत्याच फोल्डरमध्ये टाकलेलं. जागेवर ठेवलं आणि ते उघडलं. साहेब म्हणाले, सोमवारपासून या.

पेढे घेऊन नौपाड्यात गेलो. सरांनी दार उघडलं. "नाव?" सांगितलं. "काय हवंय?" काही नकोय, नोकरी लागली ते सांगायला आलो, म्हणालो. सर या वेळी "दोनशे" म्हणाले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "आईला कळवलंस? तिचा गुडघा कसा आहे आता?"

गुडघ्याचं मी त्यांना एकदाच, अगदी पहिल्या दिवशी सांगितलेलं.

सर आता मुलीकडे पुण्याला असतात, क्लासच्या जागी औषधांचं दुकान आहे. पण कधीतरी ते माझ्या दारात येतील. मी विचारीन, नाव? काय हवंय? ते मागतील ते मागोत, माझ्याकडून उत्तर दोनशेच जाईल.