कमलचं उत्तर बरोबर आहे

भित्तिपत्रक वाचणाऱ्या मैत्रिणींनो,

आजच्या चाचणीतलं गणित असं होतं: थांबलेल्या दोनशे किलोच्या ट्रॉलीवरून पन्नास किलोचा मुलगा उडी मारतो. ट्रॉलीसापेक्ष त्याचा वेग सेकंदाला पाच मीटर. ट्रॉली किती वेगाने मागे जाईल?

मी शिकवते त्या वर्गातल्या कमलने एक मीटर लिहिलं. मोठ्या सरांनी त्यावर काट मारली.

"सव्वा पाहिजे. मंग काय गाईड खोटं हाय?"

"सर, ट्रॉली एकने मागे सरकते, म्हणून जमिनीवरून मुलाचा वेग चारच. दोन्हीकडे संवेग दोनशे, बिलकुल बराबर."

"बाई, तुमची नोकरी अजून पक्की न्हाई."

घरातली पहिली पदवीधर मी, पगारही माझा एकटीचाच. तरी कमलला पूर्ण गुण देऊन खाली सही केली.

तुम्ही सव्वा लिहू दिलं असतं का?